लहान प्रश्नांचं गाऱ्हाणं

बा रवळनाथा, देवा महाराजा,

डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातून तुला हाक मारते आहे. तुझ्यापुढे लोक येतात ते मोठे प्रश्न घेऊन. जमिनीची वाटणी, अडलेलं लग्न, आखाताला निघालेला मुलगा, वर्षानुवर्षं रेंगाळलेला कोर्टातला दावा. माझ्याकडे आज यातलं काही नाही. माझे प्रश्न इतके लहान आहेत की देवापुढे मांडायला संकोच वाटतो. तरी आणलेत. मोठ्या संकटानं माणूस खचला तर चार माणसं धावून येतात. लहान प्रश्नांनी खचलेल्या माणसाकडे कोणाचं लक्षही जात नाही, म्हणून तुझ्याकडे आले.

सकाळी डोळे उघडल्यापासून कोणी ना कोणी मला काही ना काही विचारत असतं. डब्याला काय. दूध अर्धा लिटर जास्त घ्यायचं का. लेकीला ताप नाही, पण घसा दुखतोय, शाळेत पाठवायची का. घरी मदतीला येणाऱ्या मावशी दोन दिवस रजा मागतात, हो म्हणू तर बँकेतून मला रजा मिळेल का. सोसायटीच्या ग्रुपवर टाकीच्या कामासाठी आजच होकार कळवायचाय. स्टेशनला जायला रिक्षाच्या रांगेत उभी राहू की चालत सुटू, जलद गाडी धरू की धीमी गाडी बरी. यातलं एकही काम अवघड नाही. एकेक सुटं सुटं घेतलं तर शाळकरी मुलगीही उत्तर देईल. पण दिवसभर ते थेंब थेंब साठत जातात, आणि रात्री अकराला डाळ मागवायला मोबाइल उघडते तेव्हा तूरडाळच केवढ्या तऱ्हांची समोर येते. पॉलिश केलेली, बिनपॉलिशची, सेंद्रिय, एका किलोवर सूट, दोन किलोंवर जास्त सूट. बोट काचेवर तसंच राहतं. डोळ्यांत पाणी येतं. कोणी विचारलं काय झालं, तर काय सांगू? डाळ निवडता येत नाही म्हणून रडते?

तू विचारशील तर सांगते. डाळ शेवटची असते एवढंच. तिच्याआधी दिवसभरात बरंच काही होऊन गेलेलं असतं.

तुला आई माहीत आहे. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून तिनं तुझ्या देवळाच्या पायऱ्या झिजवल्या. आता ती माझ्याकडे असते. तिला पार्किन्सन्स झालाय. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात, त्यामुळे हात थरथरतो, हालचाल मंदावते, पाऊल उचलेनासं होतं. तिला लेव्होडोपाची गोळी चालू आहे. या गोळीचं आणि जेवणातल्या प्रथिनांचं पटत नाही. दोघांची शरीरात शिरायची वाट एकच, तिथे दोघांची चढाओढ लागते आणि गोळी मागे पडते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, जेवणाआधी अर्धा तास द्या, किंवा जेवण झाल्यावर तासाभरानं. कागदावर हे एका ओळीत मावतं. घरात मावत नाही. आई उशिरा उठली तर आधी गोळी की आधी चहा? रिकाम्या पोटी दिली आणि मळमळायला लागलं तर? बिस्कीट चालेल, पण दूध? मधेच भूक लागली म्हणाली तर थांबवून धरायचं का? गोळीचा असर ओसरायला लागला की तिचे पाय जागच्या जागी खिळतात. बाथरूमच्या उंबऱ्याशी ती उभी राहते, मी पाठीमागे, आणि त्या क्षणी ठरवायचं असतं की वाट बघू, हात धरून पुढे नेऊ की खुर्ची ओढून बसवू. तेवढ्यात कुकर शिट्टी देतो आणि लेक दारातून विचारते, आई, माझी निळी वही कुठंय.

आणि मासळी. मासळीशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नाही, हे तुला मी काय सांगायचं. बांगड्याचं तिखलं केलं की तिचा चेहरा हलत नसला तरी डोळे हलतात. पण बांगड्यात प्रथिनं आहेत, म्हणून गोळीची वेळ सांभाळायची. आणि काटे आहेत, आणि तिला आता गिळायला त्रास व्हायला लागलाय. मी बांगडा ताटलीत घेते. मधला काटा एका हातानं धरून वरचं मांस अलगद सोडवते, मग उलटून खालचं. पोटाकडचे बारीक काटे डोळ्यांना दिसत नाहीत, ते बोटांनी चाचपून एकेक काढते. रस भातात मुरवते, भात मऊ कुस्करते, परत एकदा बोटं फिरवते. एवढं करून घास तिच्या ओठांशी नेताना हात थबकतो. एखादा राहिला असला तर? आणि नाही दिला, तर तिच्या आवडीचं दुसरं काय उरलंय? देवा, नोकरी घेताना, लग्नाला होकार देताना मी एवढा विचार केला नव्हता, जेवढा या एका घासाला जातो. आणि घास दिवसातून कितीतरी असतात.

दादा मस्कतला आहे. रोज रात्री फोन करतो, न मागता पैसे पाठवतो, आईवर जीव टाकतो. मी विचारते, डॉक्टर म्हणतात गोळीचं प्रमाण थोडं वाढवून बघू, काय करूया? तो म्हणतो, "तू जवळ आहेस, तू ठरवशील ते बरोबर." हे म्हणतात, "तुला योग्य वाटेल ते कर, मी आहेच." दोघंही मनापासून म्हणतात, आणि दोघांवरही माझा राग नाही. पण तो विश्वास माझ्या खांद्यावर उतरतो तेव्हा जड होऊन उतरतो. मी ठरवेन ते बरोबर, म्हणजे चुकलं तर तेही माझंच. माझ्या माणसांनी मला मान दिला आणि त्या मानाबरोबर मी एकटी पडले, हे त्यांना दुखवल्याशिवाय कसं सांगायचं, ते मला कळत नाही. तुला सांगते.

लहानपणी गावी तुझ्या देवळात कौल लावताना पाहिलाय. गुरव ओल्या पाकळ्या तुझ्या अंगावर लावायचा, उजवीकडे आणि डावीकडे. मग मानकरी पुढे होऊन गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात, आणि मग ज्याचा प्रश्न असेल त्याचं नाव, घर, अडचण, सगळं मोठ्या आवाजात. वाक्य संपलं की जमलेले सगळे एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" पुढचं वाक्य, परत "व्हय म्हाराजा!" मग सगळ्यांची नजर पाकळ्यांवर. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गोव्यातल्या देवळांत प्रसाद लावतात तोही याच रीतीनं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तर पंचांगात सापडतच नाही. देवीला कौल लावायचा, मग ती ठरायची, आणि ठरली की मुंबईतले चाकरमानी रजेचे अर्ज लिहायला आणि गाडीची तिकिटं शोधायला धावायचे. लाखो माणसांची जत्रा, पण तिची तारीख कोणा एका माणसाच्या डोक्यावर नाही.

मोठेपणी मला पाकळीचं शास्त्र समजावणारे भेटले. पाणी सुकतं, पाकळी वजनानं खाली येते, त्यात देव कुठला. मी वाद घातला नाही. मला पाकळीपेक्षा तो सूर जास्त आठवतो. प्रश्न मनात ठेवायचा नाही, सगळ्यांदेखत सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांनी नुसतं ऐकून घरी जायचं नाही, "व्हय" म्हणायचं. त्यानंतर उजवी पडो की डावी, झाल्या गोष्टीची जबाबदारी त्या एकट्या घराची राहत नसे. उद्या काही वाईट घडलं तरी "तू असं का केलंस" असं कोणी कोणाला विचारत नसे. सगळे तिथे होते, सगळ्यांनी हुंकार भरला होता.

माझ्याकडे नाही ते एवढंच. माझा प्रश्न माझ्याच मनात उभा राहतो, वाद तिथेच होतो, निकाल तिथेच लागतो, आणि रात्री दोन वाजता फेरसुनावणीही तिथेच. दुपारी दिलेली गोळी वेळेवर होती का, ताक द्यायला नको होतं का, मावशींना रजा नाकारली ते बरं केलं का. ठरवून झालेल्या गोष्टी परत उठून माझ्या उशाशी येऊन बसतात. थकवा ठरवण्याचा कमी आणि या परत परत ठरवण्याचा जास्त आहे, हे मला हळूहळू कळायला लागलंय.

तुझ्यापुढे खोटं नको. जुन्या दिवसांची आठवण काढताना मी त्यांची आरती ओवाळणार नाही. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या गावात पुरुषांचा. आजी खांबाआड उभी असायची. "व्हय म्हाराजा"मध्ये तिचा आवाज असायचा, प्रश्न मात्र तिचा कधी नसायचा. तिच्या दिवसालाही ठरवण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. सोमवारी मासळी नाही, एकादशीला नाही, श्रावणात नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीचं भरून ठेवायचं, सुके बांगडे, सुकट, सोडे, कोकमं, कारण दर्या खवळला की होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. नारळी पुनवेला नारळ वाहिला की मग परत होड्या पाण्यात. आता सरकारी नियमानं यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, पण इथे बर्फातली मासळी बाराही महिने येते. तिच्याबरोबर "आज काय" हा प्रश्नही बाराही महिने येतो. आजीला तो प्रश्न पडत नसे. वार आणि वारा मिळून तिचं ताट ठरवत.

संध्याकाळी फार दमले की मला त्या बांधलेल्या दिवसांचा हेवा वाटतो. आणि मग आठवतं की तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. शिकायचंय का, विचारलं नाही. लग्न कोणाशी, विचारलं नाही. वाढताना कोणता तुकडा तिच्या वाट्याला उरला, तेही नाही. आईनं हे जवळून पाहिलं होतं. दहावीनंतर तिनं मला शिकायला मुंबईला मामाकडे धाडलं, तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभी राहून एवढंच म्हणाली, "आता तुजा तू ठरव." वडील मागे उभे होते, ते काही बोलले नाहीत. त्या चार शब्दांसाठी आईनं घरात किती बोलणी खाल्ली असतील ते मला पुढे कळलं. तेव्हा, देवा, ठरवायचं काम माझ्याकडून काढून घे असं मी मागणार नाही. ते मला आईनं दिलंय. ते ओझं आहे म्हणून परत कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला त्यातली भीती नको आहे. ती काढ.

प्रत्येक लहान प्रश्न परीक्षेचा पेपर होऊन पुढ्यात येतो, ते थांबव. बँकेत बढतीचा अभ्यास करताना मी हर्बर्ट सायमन या अमेरिकी विद्वानाबद्दल वाचलं होतं. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की माणसाकडे वेळ थोडा, माहिती अपुरी, आणि बुद्धीला मर्यादा. सगळे पर्याय तोलून त्यातला सर्वांत उत्तम शोधणं त्याच्या आवाक्यातलंच नाही. कामाला पुरेसं चांगलं सापडलं की तो तिथे थांबतो, आणि तसं थांबण्यात शहाणपण आहे. त्या वाचनानं मला फार धीर आला, तो धीर रात्री अकराला कामी येऊ दे. पहिली बरी दिसली ती डाळ. मागवली, मोबाइल खाली. आणि ती घरात आल्यावर दुसरी स्वस्त होती का हे बघायला माझा हात परत तिकडे जाऊ देऊ नकोस.

काही गोष्टी मी बांधून टाकल्या आहेत. आजीचे वार मी माझ्या सोयीनं परत आणलेत. सोमवारी मुगागाठी, मंगळवारी पालेभाजी आणि पिठलं, बुधवारी बांगडा किंवा मिळेल ती मासळी, असा कागद फ्रिजवर चिकटवलाय. गोळ्यांची खणांची डबी रविवारी दुपारी एकदाच भरते, आठवड्याची. बँकेत जायची गाडी एकच, ती चुकली तर पुढची, त्यात विचार नाही. आजीला ती बंधनं दुसऱ्यांनी घातली होती, मी माझी मीच घालून घेते आहे, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो. त्या कागदावर तुझा हात असू दे. लेक "आज परत तेच?" म्हणाली तर मला डगमगू देऊ नकोस. एखाद्या सोमवारी मुगागाठी जमल्या नाहीत तर त्याचंही मनाला लावून घेऊ देऊ नकोस.

काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीही मागते. मुदत ठेवीचा अर्ज पुढे सरकवून ते म्हणतात, मॅडम, तुम्हीच सांगा, एक वर्ष की पाच, व्याज दर महिन्याला की एकदम शेवटी, वारस म्हणून मुलाचं नाव लिहू की मुलीचं. आयुष्यभर घरं चालवलेली ही माणसं. पूर्वी मी नियम सांगायचे आणि पुढचा टोकन नंबर पुकारायचे. आता त्यांच्या हातातलं पेन थांबलेलं दिसतं. वारस कोण हे मी सांगू शकत नाही, सांगूही नये. पण बाकीच्या दोन ओळी समजावून देण्याइतका वेळ माझ्याजवळ असू दे, रांग कितीही असली तरी.

आता परवाचं सांगते, त्यासाठीच खरं तर बसले.

आईला साडी नेसवायची की गाऊन घालायचा, हा आमच्याकडे रोजचा प्रश्न. डॉक्टर, व्यायाम शिकवायला येणारी मुलगी, शेजारपाजार, सगळे म्हणतात गाऊन घाला. त्यांचं बरोबर आहे. निऱ्या पायात येतात, ती पडली तर हाड मोडेल, बाथरूमला न्यायलाही सोपं. पण आई जन्मभर साडीत. तिला गाऊनमध्ये बघितलं की मला वाटतं, मीच तिचं काहीतरी काढून घेतलं. साडी नेसवली की दिवसभर माझे डोळे तिच्या पावलांवर. रोज सकाळी कपाटापुढे माझं हेच.

परवा मावशींनी पलंगावर दोन्ही ठेवलं, साडी डावीकडे, गाऊन उजवीकडे, आणि आईच्या समोर स्टुलावर बसल्या. "काकी, आज काय घालूया?" मला गाडी गाठायची होती, दारातून मी तोंड उघडणारच होते. आईचा हात मांडीवरून उचलला गेला आणि थरथरत अधांतरी राहिला. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. या आजारात चेहराही हालचाल विसरतो, आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि घाईतला माणूस समजतो की आत काही नाहीच. मावशी नुसत्या बसून राहिल्या. साडी पुढे केली नाही, गाऊन उचलला नाही, "हे का ते का" म्हणून परत विचारलंही नाही. खूप वेळानं आईची बोटं गाऊनवर टेकली.

"आज ह्यो," आई म्हणाली. "आयतवाराक साडी."

देवा, मी रोज जो प्रश्न तोलत होते त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. आणि किती नीट होतं! आठवडाभर गाऊन, रविवारी आपल्याकडे माणसं येतात म्हणून साडी. मला सुचलंच नसतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मनात आलं, मला जे जड झालंय तेच तिच्या हातून दिवसागणिक निसटतंय. कधी उठायचं ते गोळी ठरवते. कधी चालायचं ते पाय ठरवतात. काय खायचं ते मी. तिच्यासाठी साडी की गाऊन हे ओझं नाही, तिच्या उरलेल्या मालकीतला तो एक तुकडा आहे. आणि तो तिच्यापर्यंत पोचायला लागतो फक्त वेळ, जो माझ्याकडे नाही असं मी धरून चालते.

तो वेळ मला दे. दिवस मोठा कर असं म्हणत नाही. पण तिचा हात अधांतरी असताना माझ्या तोंडून उत्तर बाहेर पडू देऊ नकोस. मावशींना हे कोणी शिकवलं मला ठाऊक नाही, त्यांच्या शाळेत तर नाही, त्या चौथीतून सुटल्या. त्यांना तू सुखी ठेव, त्यांच्या मुलाला नोकरी लागू दे, आणि त्यांनी रजा मागितली की ती देण्याची सोय मला करता येऊ दे. आईला रोज दोनच गोष्टी समोर ठेवीन, दहा नाही, कारण दहांनी माझंच काय होतं ते मी पाहते आहे. जे निवडायला तिला सोसणार नाही, गोळीचं प्रमाण, तपासण्यांचे कागद, ते माझ्याकडे राहू दे. जे तिला झेपतं ते तिच्याकडे. यातली रेघ कुठे ओढायची ते रोज बदलेल, तेव्हा रोज मला ती दाखव. आणि बांगड्याचंही तिलाच विचारीन. भीती वाटते का, देऊ का, हळू खाशील ना. तिला खायचाच असेल तर काटे काढायला माझी बोटं आहेत.

आता जे उरलंय ते लहान नाही. तुझी जत्रा येते आहे. आईला दिवसांचं भान पुष्कळदा राहत नाही, पण जत्रेचे दिवस तिला बरोबर कळतात. काल जेवताना म्हणाली, "गावाक जावया गो." रात्रभर दशावतार, पेट्रोमॅक्स गेले आणि विजेचे दिवे आले तरी तिला तो तसाच बघायचाय, पहाटेपर्यंत. मी हिशेब मांडून बसले. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. रात्रीचा प्रवास, डब्यातला अरुंद संडास, कुडाळला गाडी थांबते तेवढ्या वेळात तिला उतरवणं, पुढे रिक्षा, तुझ्या पायऱ्या, गर्दी, थंडी, गोळीच्या वेळा. डॉक्टर म्हणाले, सांभाळून न्यायला हरकत नाही. दादा म्हणाला, तू ठरव. नेलं आणि काही झालं तर? नेलं नाही आणि पुढच्या वर्षी नेण्यासारखी ती राहिली नाही तर?

हे मी एकटी ठरवणार नाही, महाराजा. आज रात्री दादाला फोनवर समोर बसवते, यांना शेजारी, लेकीलाही, मावशी जाण्याआधी त्यांनाही थांबवते. प्रश्न मोठ्यानं सांगणार, कोणतीही अडचण न लपवता, तुझ्या देवळात सांगत तसा. मग प्रत्येकानं हो किंवा नाही म्हणायचं. "तू ठरव" असं कोणी म्हणायचं नाही. त्यांच्या मनात तू उतर. पुढे काही झालं तर आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं होतं, हे प्रत्येकाच्या लक्षात राहू दे, माझ्याही.

कधी कधी पाकळी पडायचीच नाही, उजवी नाही आणि डावीही नाही. मग गुरव म्हणायचा, प्रश्न फिरवून विचारा. आमचंही तसं झालं तर प्रश्न कसा फिरवायचा ते सुचव. जत्रेच्या रात्री नको, पण जत्रा झाल्यावर गर्दी ओसरली की दोन दिवस. किंवा रात्रीची गाडी नको, मोटारीनं दिवसाउजेडी, मधे चिपळूणला मुक्काम करून. यातलं काहीतरी आम्हाला वेळेवर दिसू दे.

आणि सगळ्यांत आधी आईला विचारण्याची बुद्धी मला दे, सगळ्यांचं बोलून झाल्यावर नाही. जायचंय हे ती म्हणालीच आहे, पण प्रवास कसा असेल ते तिला सांगून मग परत विचारायचंय. तिला बोलायला वेळ लागेल. फोनवर दादाला वाटेल की आवाज तुटला, त्याला मी आधीच सांगून ठेवते. आरक्षण सकाळी आठला उघडतं. त्याआधी तिचं उत्तर मिळू दे, आणि ते काहीही असलं तरी तसंच वागायचं बळ आम्हा सगळ्यांना दे.